ग्रेस आजींची फूटभर वायर

नवा पीसी जोडताय? रॅमच्या बॉक्सवरचा ३२००, ६००० हा मोठ्ठा आकडा बघून पैसे मोजण्याआधी ग्रेस हॉपर या भन्नाट बाईंना भेटा.

जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. अलार्मचं घड्याळ चालतं कसं, हे बघायला ७ वर्षांच्या ग्रेसने घरातली ७ घड्याळं खोलून ठेवली! १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली, व्हॅसार कॉलेजात शिकवलं. दुसरं महायुद्ध पेटलं आणि १९४३ मध्ये त्या नौदलात गेल्या. वजन कमी भरलं, तर खास सवलत मिळवली. १९४४ पासून हार्वर्डच्या अजस्र 'मार्क वन'वर प्रोग्रॅमिंग, १९५२ मध्ये ए-झिरो हा अगदी सुरुवातीचा कंपायलर. कोबोल ही भाषाही त्यांच्याच कामावर उभी राहिली.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे वायरचा तुकडा. नॅनोसेकंद म्हणजे नेमकं किती, हे मोठमोठ्या अधिकाऱ्यांनाही कळेना. मग त्या भाषणांत सुमारे ३० सेंटिमीटरच्या वायरी वाटायच्या. एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त एवढाच जातो! मायक्रोसेकंद दाखवायला तर जवळपास ३०० मीटरचं भेंडोळंच आणायच्या. भारी शब्द नकोत, मोजून दाखवा, असा त्यांचा खाक्या.

हीच वायर घेऊन दुकानात जाऊ या. डीडीआर४-३२०० चं खरं क्लॉक १६०० मेगाहर्ट्झच असतं; एका ठोक्यात डेटा दोनदा जातो, म्हणून ३२००. सीएल म्हणजे डेटा येईपर्यंत थांबायचे ठोके. सीएल १६ भागिले १६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे १० नॅनोसेकंद. आता डीडीआर५-६००० घ्या. क्लॉक ३०००, सीएल ३०. उत्तर? पुन्हा १० नॅनोसेकंदच! म्हणजे आजींच्या १० वायरी. आकडा जवळपास दुप्पट झाला, एका दमात येणारा डेटाही वाढला, पण सुरुवातीचं थांबणं तेवढंच राहिलं. शिवाय प्रोसेसर आणि मदरबोर्डला झेपेल तेवढ्याच स्पीडने रॅम चालणार, बॉक्सवर काहीही छापलेलं असो.

१९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी हॉपर रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' मिळालं.

तेव्हा आई-बाबांचे पैसे काउंटरवर ठेवण्याआधी दोन गोष्टी विचारा: सीएल किती आणि माझ्या बोर्डला झेपतं किती? दुकानदार गडबडला, तर भागाकार तुम्हीच करा!