दाण्यांचे दूध : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

दूध म्हटले म्हणजे गाय, म्हैस किंवा शेळी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु ज्या घरी गोठा नाही आणि दूध विकत घेण्यास गाठीला पैसाही नाही, त्या घरच्या मुलांनी काय प्यावे? अमेरिकेच्या दक्षिण भागातील कापसाच्या मुलखात हा प्रश्न हजारो झोपड्यांपुढे होता. त्याचे एक उत्तर ज्यांनी भुईमुगाच्या दाण्यांत शोधले, त्या कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची ही हकीकत आहे. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली निघाले, तेव्हापासून हे नाव मराठी घरांत परके राहिलेले नाही. म्हणून त्यांच्या चरित्रातील इतर गोष्टी थोडक्यात सांगून दुधाकडेच विशेष वळू.

जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसूरी संस्थानात, डायमंड ग्रोव्ह या खेड्याजवळ, मोझेस कार्व्हर नामक शेतकऱ्याच्या घरी झाला. त्याची आई मेरी ही त्या घरची गुलाम होती. जॉर्ज तान्हा असतानाच दरोडेखोरांनी मायलेकरांस पळवून नेले. धन्याने शोध करविला तेव्हा मूल तेवढे परत मिळाले व त्याच्या मोबदल्यात एक घोडा द्यावा लागला. आईचा पत्ता पुढे कधीच लागला नाही. मूल इतके अशक्त होते की, शेतातील कष्टाचे काम त्याला झेपेना. म्हणून सुझन कार्व्हर या घरधनिणीने त्याला स्वयंपाक, धुणे व शिवणकाम शिकविले. पुढे प्रयोगशाळेत जे हात चालले ते प्रथम चुलीपाशी तयार झालेले होते, हे विसरता येत नाही.

शिक्षणासाठी या मुलाने किती गावे पालथी घातली! दुसऱ्यांचे कपडे धुऊन व स्वयंपाक करून तो शिकला. १८८५ साली कॅन्सस संस्थानातील हायलंड येथील कॉलेजने त्यास प्रवेश दिला; परंतु तो दाराशी येताच, कातडीचा रंग पाहून परत पाठविले. १८९० साली आयोवातील सिंप्सन कॉलेजात त्यास चित्रकला शिकावयास मिळाली व पुढील वर्षी तो एम्स येथील शेतकी कॉलेजात गेला. तेथे १८९४ मध्ये पदवी व १८९६ मध्ये एम. एस. ही उच्च पदवी त्याने मिळविली. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आलाबामा संस्थानातील टस्कीगी येथील आपल्या विद्यालयात त्यांस बोलावून घेतले. तेथे प्रयोगशाळा अशी नव्हतीच. कचऱ्यातील बाटल्या व मोडकी भांडी गोळा करून ती उभी करावी लागली.

भोवतालच्या शेतकऱ्यांची स्थिती शोचनीय होती. वर्षानुवर्षे कापूस लावून जमीन निकस झालेली. त्यातच १९१० च्या सुमारास बोंडे पोखरणारा भुंगा त्या संस्थानात येऊन पोहोचला. मक्याचे पीठ, खारविलेली चरबी व काकवी यांवर माणसे दिवस काढीत आणि निकृष्ट अन्नामुळे होणारा पेलाग्रा हा रोग घरोघर दिसे. कार्व्हर यांनी चवळी, रताळी व भुईमूग लावण्याचा आग्रह धरला. आपला शेतकरी ज्याला बेवड म्हणतो तेच हे तत्त्व होय : शेंगवर्गीय पीक हवेतील नत्र मुळांवाटे जमिनीस देते. पण पिकलेला भुईमूग खावा कसा, हे सांगितल्यावाचून तो कोण लावणार? म्हणून १९१६ साली त्यांनी भुईमुगाच्या १०५ पाककृतींची पुस्तिका काढली.

ता. २१ जानेवारी १९२१ रोजी वॉशिंग्टन येथे लोकप्रतिनिधींच्या कर-समितीपुढे ते उभे राहिले. परदेशी दाण्यांवर जकात असावी की नसावी, हा वादाचा विषय. त्यांना दहा मिनिटे दिली होती. एका सभासदाने कृष्णवर्णीयांना टोचण्यासाठी कलिंगडावरून थट्टाही केली. कार्व्हर यांनी ती हसून झेलली आणि पेटीतून एकामागून एक जिन्नस बाहेर काढले. त्यांत दाण्यांच्या दुधाची बाटली होती. दिसण्यात ते गाईच्या दुधासारखेच असून त्यावर साय धरते, असे त्यांनी समजावून दिले. वेळ वाढवीत वाढवीत समितीने त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले. १९२२ च्या जकात कायद्यात भुईमुगास संरक्षण मिळाले.

त्यांच्या जिनसांच्या यादीत लिंबू, संत्रे, अननस, चेरी यांच्या स्वादाची दाण्यांची पेयेही आढळतात. मात्र व्यापारात त्यांचे दूध चालले नाही, आणि इंग्लंडात तशा दुधाचे पेटंट आधीच घेतले गेले होते. दाण्याचे लोणी त्यांनी शोधले ही समजूतही चुकीची आहे. ते त्यांच्या पूर्वीच प्रचारात होते. प्रयोगांच्या नोंदी ठेवण्यात ते फार हयगय करीत, हा दोष त्यांच्या चाहत्यांनी तरी का लपवावा?

कृती मात्र कोणत्याही गृहिणीस साधेल अशी आहे. एक वाटी कच्चे दाणे निवडून, बुरसट व कडवट दाणे टाकून, रात्रभर भिजत घालावे. सकाळी चोळून साले काढावी व पाट्यावर गंधासारखे वाटावे. तीन-चार वाट्या पाण्यात कालवून स्वच्छ फडक्यातून पिळावे आणि मंद आचेवर ढवळीत १०-१५ मिनिटे उकळावे. पुरते निवल्यावर आंबा, चिकू किंवा केळे यांचा गर घोटावा. पिकलेल्या फळाची गोडी असता साखर लागत नाही. आंबट रस गरम दुधात घातल्यास ते फाटते. ते त्याच दिवशी संपवावे. गाईच्या दुधाइतका चुना यात नसतो, यास्तव तान्ह्या मुलांना त्यावर वाढवू नये. आणि ज्यांना दाणे बाधतात त्यांनी त्यास स्पर्शही करू नये.

आपल्या देशाशीही या विषयाचा संबंध आला. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते, पण १९१८ च्या मोठ्या दुखण्यानंतर त्यांना शेळीचे दूध घ्यावे लागले व ती रुखरुख त्यांना राहिली. दीनबंधु अँड्र्यूज १९२९ साली टस्कीगीस गेले असता कार्व्हर यांनी गांधीजींसाठी शाकाहारी आहाराविषयी सूचना दिल्या.

कार्व्हर अविवाहित राहिले. सुमारे ६०,००० डॉलरांची शिल्लक त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली. ता. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथे त्यांचे निधन झाले व बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांस पुरण्यात आले. ज्या शेतावर ते गुलाम म्हणून जन्मले, ते त्याच वर्षी जुलै महिन्यात राष्ट्रीय स्मारक झाले.