२८ वर्षं जुनं आलिशान जहाज घेऊन वालचंद हिराचंद इंग्रजांना भिडले, पण त्यांची गाड्यांची कंपनी तगली ती छोट्या फियाटवर

डोंबिवलीजवळ कल्याण-शिळ रोडवर गेलात तर प्रीमियर हे नाव आजही कानावर पडतं. रिक्षावाल्याला प्रीमियर ग्राउंड म्हटलं की पुरतं, पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. नव्या पोरांना हे एखाद्या बिल्डरचं नाव वाटतं. पण इथे गाड्यांचा कारखाना होता. प्रीमियर ऑटोमोबाईल्सची ११८ एनई आणि नंतर प्युजो ३०९ या गाड्या कल्याण-डोंबिवलीच्या याच पट्ट्यात तयार व्हायच्या.

आज ठाणे असो की डोंबिवली, घरात गाडी घ्यायची चर्चा निघाली की एक वाद हमखास होतो. बजेट तेवढंच आहे. मग शोरूममधून नवी कोरी, छोटी पण पळायला चपळ अशी स्पोर्टी गाडी घ्यायची, की दुसऱ्याने आठ-दहा वर्षं वापरलेली, एखाद्या बड्या कंपनीची सगळ्यात वरची आलिशान गाडी?

प्रीमियरची स्थापना करणाऱ्या वालचंद हिराचंद यांच्या गोष्टीत हाच प्रश्न दोनदा येतो. एकदा जहाजाच्या बाबतीत आणि एकदा मोटारीच्या.

सोलापूरचा पोरगा रेल्वेचा कंत्राटदार झाला

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं सौराष्ट्रातलं, जैन दोशी कुटुंब. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. पण वालचंद यांचं मन पेढीवर रमलं नाही.

लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेतले माजी कारकून. त्यांच्यासोबत वालचंद यांनी भागीदारी केली आणि दोघं रेल्वेची कंत्राटं घेऊ लागले. सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून झाली. पुढे टाटांसोबतच्या बांधकाम कंपनीतून त्यांनी बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम केलं. तानसा तलावाचं पाणी मुंबईला नेणाऱ्या जलवाहिनीचं कामही याच कंपनीने केलं. तानसा शहापूर तालुक्यातलं, म्हणजे ठाणे जिल्ह्याशी वालचंद यांचा संबंध गाड्यांच्या कारखान्याच्या कितीतरी आधीचा आहे.

जुनं जहाज विकायला निघालं

१९१९ साली पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. जर्मन पाणबुड्यांनी जगभरातली शेकडो जहाजं बुडवली होती. माल न्यायला जहाजं मिळत नव्हती आणि भाडी आकाशाला भिडली होती. हिंदुस्थानचा समुद्री व्यापार जवळपास पूर्णपणे ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होता.

अशा वेळी वालचंद यांना खबर लागली की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं लॉयल्टी नावाचं जहाज विक्रीला आहे.

हे जहाज साधंसुधं नव्हतं. १८९१ साली इंग्लंडमध्ये बांधलेलं, तेव्हा त्याचं नाव एम्प्रेस ऑफ इंडिया. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं ते मानाचं प्रवासी जहाज होतं आणि व्हँकुव्हर ते जपान-हाँगकाँग या मार्गावर श्रीमंत प्रवासी नेत असे. १९१४ साली महायुद्ध सुरू झाल्यावर माधवराव शिंदे यांनी ते विकत घेतलं, लॉयल्टी असं नाव दिलं आणि जखमी सैनिकांसाठी तरंगता दवाखाना केला.

आजच्या भाषेत सांगायचं तर ही वापरलेली टॉप मॉडेल होती. दिसायला राजेशाही, नाव मोठं, पण वय २८ वर्षं.

नवी, लहान मालवाहू जहाजं बांधून घेणं हा दुसरा रस्ता होता. पण युद्धानंतर जहाज बांधणाऱ्या गोद्यांवर कामाचा ढीग होता. नव्यासाठी थांबायचं म्हणजे हातची वेळ घालवायची. वालचंद यांनी जुनं जहाज घ्यायचं ठरवलं. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासोबत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं.

हिंदी मालकीच्या कंपनीचं जहाज थेट इंग्रजांच्या राजधानीकडे निघालं, म्हणून आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

अभिमानाचा भाग इथे संपतो आणि हिशेबाचा सुरू होतो.

लॉयल्टी बांधलं होतं प्रवाशांसाठी, तेही महागडं तिकीट काढणाऱ्या. कंपनीला खरा धंदा करायचा होता मालाचा. प्रवासी जहाजात बरीचशी जागा केबिन आणि दालनांनी खाल्लेली असते, आणि वेगासाठी बसवलेली मोठी यंत्रं कोळसाही तसाच खातात. त्यात वय झालेलं, म्हणजे दुरुस्त्या आल्याच.

समोर होते लॉर्ड इंचकेप. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या बलाढ्य जहाज कंपन्या त्यांच्या हातात होत्या. त्यांनी दर पाडून सिंदियाला जेरीस आणलं, कंपनी विकत घेण्याचाही प्रयत्न केला. अखेर १९२३ साली दहा वर्षांचा करार झाला आणि सिंदियाला किनारी वाहतुकीपुरतं मर्यादित राहावं लागलं. त्याच वर्षी लॉयल्टी भंगारात गेलं.

सेकंडहँड आलिशान गाडी घेणाऱ्यानेही नेमकी हीच गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जुन्या बड्या गाडीची किंमत कमी होते, पण तिचे सुटे भाग, टायर, गिअरबॉक्सची दुरुस्ती आणि सर्व्हिसिंग हे सगळं नव्या महागड्या गाडीच्याच भावात राहतं. गाडी छोट्या गाडीच्या किमतीत मिळते, पण पोसावी लागते मोठ्या गाडीसारखीच.

मग वालचंद यांचा निर्णय चुकला का? तसंही नाही. लॉयल्टीमुळे कंपनी वेळेत समुद्रात उतरली. पण ती सगळा भार त्या एकाच जहाजावर टाकून बसली नाही, कामाची मालवाहू जहाजंही घेत गेली. म्हणून लॉयल्टी गेल्यावरही सिंदिया टिकली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर वालचंद तिचे अध्यक्ष झाले.

आता मोटार

१९३० च्या दशकात सर विश्वेश्वरय्या देशात मोटारीचा कारखाना काढण्याची योजना मांडत होते. वालचंद यांनी ती उचलून धरली. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, मग क्रायस्लरशी बोलणी झाली. याच दौऱ्यात त्यांची विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली आणि त्यातून १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना उभा राहिला, आजचं एचएएल. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी सुरू झाली.

मोटारीला मात्र ब्रिटिश सरकारने युद्धकाळात साथ दिली नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या होत्या डॉज आणि प्लिमथ. सहा सिलिंडरच्या, लांबरुंद अमेरिकन गाड्या. सुटे भाग अमेरिकेतून यायचे आणि इथे जुळणी व्हायची.

पुन्हा तोच पेच. गाडी रुबाबदार, पण घेणार किती जण? पेट्रोल पिणार किती? आणि प्रत्येक सुट्या भागासाठी डॉलर आणायचे कुठून?

१९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले आणि कारभार भावांकडे गेला. १९५१ मध्ये प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केला आणि फियाट ५०० ही चिमुकली गाडी आणली. तिचं इंजिन होतं अवघं ५६९ सीसी. १९५४ च्या सुमारास १०८९ सीसीची फियाट ११०० आली.

त्याच काळात टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने धोरण ठरवलं. जे कारखाने भाग इथेच बनवतील तेच राहतील, नुसती जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेले. प्रीमियर राहिली, कारण लहान, साध्या गाडीचे भाग इथे बनवणं जमण्यासारखं होतं. आणि भाग इथे बनतात म्हटल्यावर गल्लीतला मिस्त्रीही ती गाडी दुरुस्त करू शकत होता.

वालचंद यांनी हे यश पाहिलं नाही. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं.

मग नवी छोटी की जुनी बडी?

या गोष्टीतून हिशेब असा निघतो. रोज ठाण्याहून कामावर जायला गाडी हवी असेल, घरात तेवढी एकच गाडी असेल आणि मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवता येत नसतील, तर नवी छोटी गाडी बरी. तिला वॉरंटी असते आणि खर्चाचा अंदाज आधी येतो.

जुनी आलिशान गाडी घ्यायचीच असेल तर तिच्यावर पोट अवलंबून नसावं. घेण्याआधी सर्व्हिसचा पूर्ण इतिहास तपासा, इंजिन-गिअरबॉक्स ओळखीच्या मिस्त्रीकडून बघून घ्या, विम्याचा हप्ता विचारा, आरसी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरून घ्या. आणि ठरलेल्या किमतीशिवाय दुरुस्तीची रक्कम हाताशी ठेवा.

लॉयल्टी सिंदियाच्या ताफ्यात जेमतेम चार वर्षं होतं. फियाट ११०० चं पुढे प्रीमियर पद्मिनी झालं, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरात पोहोचली आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यावर धावत राहिली.