सरहद्द मोडणारा भिक्खू आणि वेशीबाहेरचा माणूस

चीन, जपान आणि कोरियाच्या राजांनी वेळोवेळी आपल्या देशांची दारे बंद केली, हे इतिहासात आपण वाचतो. जपानने तर १६३५ साली आपल्या प्रजेला परदेशी जाण्यासच बंदी केली होती. परंतु त्याच्या हजार वर्षे आधी चीनच्या सम्राटाने लावलेले असेच एक दार मोडून एक तरुण भिक्खू बाहेर पडला आणि चालत चालत आपल्या महाराष्ट्रापर्यंत आला. त्याचे नाव ह्यूएनत्संग. शाळेच्या पुस्तकात तो युआन श्वांग म्हणून भेटतो. पण तिथे त्याची ओळख 'चिनी प्रवासी' एवढ्यावरच आटोपते. तो धम्माचा विद्यार्थी होता आणि त्यासाठी त्याने राजाज्ञा मोडली होती, हे फारसे सांगितले जात नाही.

इ.स. ६०२ च्या सुमारास लोयांगजवळ त्याचा जन्म झाला. तेराव्या वर्षी तो विहारात दाखल झाला. ग्रंथ वाचता वाचता त्याच्या लक्षात आले की चिनी भाषांतरे एकमेकांशी जुळत नाहीत. मूळ ग्रंथ पाहिल्याशिवाय निर्णय नाही, असे त्याने ठरविले. आम्ही वकील मंडळी मूळ दस्तऐवजाचा आग्रह धरतो, तोच हा आग्रह.

तेव्हा तांग घराण्याची सत्ता नवी होती, तुर्कांशी सीमेवर तणाव होता. सम्राट ताइत्सुंगच्या राज्यात परवान्याशिवाय सीमा ओलांडणे हा गुन्हा होता. ह्यूएनत्संगने परवानगी मागितली, ती नाकारली गेली. गंमत अशी की, पश्चिमेकडचे व्यापारी त्याच सीमेवरून ये-जा करीत होते. व्यापाराला वाट होती, ज्ञान शोधणाऱ्याला नव्हती. इ.स. ६२९ च्या सुमारास तो गुपचूप निघाला. ल्यांगचौ येथे त्याची प्रवचने ऐकून त्या व्यापाऱ्यांनीच त्याची कीर्ती पश्चिमेकडे नेली. पण तिथल्या अधिकाऱ्याने त्याला माघारी जाण्याचे फर्मान काढले. तो दिवसा लपून, रात्री चालू लागला. पुढे क्वाचौ येथे त्याच्या अटकेचा हुकूम पोहोचला. तिथला अधिकारी ली छांग हा बौद्ध उपासक होता. त्याने तो हुकूम भिक्खूसमोरच फाडून टाकला.

वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटली. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. शेवटी त्याच्या म्हाताऱ्या घोड्यानेच पाणी शोधले. पुढे तुर्फानच्या राजाने त्याला आदराने, पण जबरदस्तीने ठेवून घ्यायचे ठरविले. त्याने अन्नपाणी सोडले. तीन दिवसांनी राजा नमला आणि वाटेतल्या २४ राज्यांना पत्रे देऊन त्याला निरोप दिला. एक राजा जाऊ देत नव्हता, दुसरा राहा म्हणत होता. भिक्खूने दोघांचेही ऐकले नाही.

नालंदा येथे आचार्य शीलभद्रांजवळ तो सुमारे पाच वर्षे शिकला. मग दक्षिणेत उतरला आणि इ.स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला. इथे चालुक्य राजा पुलकेशीचे राज्य होते. शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची त्याची नोंद आहे. पूर्वेकडच्या डोंगरातील कोरीव विहार आणि त्याच्या दाराशी असलेले दगडी हत्ती यांचेही वर्णन त्याने केले. ते अजिंठ्याचे असावे, असे अभ्यासक मानतात. बुलढाण्याचे घाटावरचे लोक त्याच अजिंठ्याच्या डोंगररांगेत राहतात. हा आपला शेजारचा इतिहास आहे, बांधवांनो.

परंतु या भिक्खूने विहारांबरोबर आणखी एक गोष्ट पाहिली. खाटीक, कोळी, फाशी देणारे, सफाई करणारे अशा लोकांना या देशात नगराबाहेर राहावे लागते, रस्त्याने डाव्या कडेने चालावे लागते, असे त्याने लिहून ठेवले. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचा काळ ठरविताना फाहियान आणि ह्यूएनत्संग या दोघांच्या नोंदी शेजारी ठेवल्या. फाहियान फक्त चांडाळांविषयी लिहितो, ह्यूएनत्संग इतरांविषयीही लिहितो. या फरकावर त्यांनी नेमके बोट ठेवले. धम्मासाठी आलेल्या परदेशी भिक्खूची नोंद तेराशे वर्षांनी आपल्या मुक्तिदात्याच्या कामी आली.

परत जाताना त्याने खोतानहून सम्राटाला पत्र पाठवून परवान्याशिवाय गेल्याची कबुली दिली. इ.स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ वीस घोड्यांवर लादून तो राजधानीत पोहोचला, तेव्हा त्याच सम्राटाने त्याचे स्वागत केले. सम्राटाने चीवर उतरवून दरबारी पद घ्यायला सांगितले. त्याने नकार दिला. इ.स. ६६४ मध्ये निर्वाण होईपर्यंत त्याने ७५ ग्रंथांचे भाषांतर केले. जपानचा दोशो आणि कोरियाचा वोनचुक त्याच्याकडे शिकले. ज्या देशांनी पुढे दारे लावून घेतली, त्यांच्यात धम्म असा आधीच पोहोचला होता.

आता आपल्याकडे पाहा. चीनच्या राजाने सरहद्द बंद केली, ती सोळा वर्षांत उघडली. आपल्याकडे धर्मशास्त्राने समुद्र ओलांडणे पाप ठरविले आणि गावातल्या माणसाला गावाची वेस बंद केली. राजाचा हुकूम राजा मागे घेतो. धर्माच्या नावाने काढलेला हुकूम मागे कोण घेणार? तो संविधानाच्या कलम १७ ने रद्द करावा लागला. देशभर मुक्त संचाराचा हक्क कलम १९ ने दिला, तर परदेशी जाण्याचा हक्क हा कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मनेका गांधी खटल्यात स्पष्ट केले.

म्हणून आम्ही म्हणतो, अजिंठ्याला सहल म्हणून जाऊ नका. पोराबाळांना घेऊन जा, आणि हा भिक्खू इथे का आला, कसा आला, त्याने काय लिहून ठेवले, ते त्यांना सांगा. परतताना वाटेतल्या गावांत वस्ती कुठे आहे, तेही दाखवा. ह्यूएनत्संगने लिहिलेली ओळ आपल्या तालुक्यातल्या किती गावांतून खरोखर पुसली गेली, हे मुलांनाच मोजू द्या.