दादासाहेब फाळके आणि सरस्वतीबाई

भगिनींनो, आपल्या भोरच्या राजवाड्यात कितीतरी सिनेमांचे चित्रीकरण झाले आहे. सिनेमाचे रोप या देशात रुजविणारे दादासाहेब फाळके मूळचे फोटोग्राफर होते.

त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकून त्यांनी गोध्र्यास फोटोचा धंदा मांडला. तेथे प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले. पुढे त्यांचा विवाह सरस्वतीबाईंशी झाला. काही वर्षे त्यांनी पुराणवस्तू खात्यात नोकरीही केली.

मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर आणायचे वेड त्यांना लागले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले, विद्या शिकले आणि कॅमेरा घेऊन परतले. वाटाण्याचे रोप वाढताना त्यांनी थोडे थोडे टिपले व ते चित्र दाखवून भांडवल मिळविले. तेही अपुरे पडले, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोके पाडली, मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला.

३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. स्त्रिया कामास तयार नसल्याने तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले. दादासाहेब १९४४ साली नाशिकला वारले.

त्यांच्या नावाने १९६९ पासून मोठा पुरस्कार दिला जातो. तो जाहीर होईल तेव्हा मुलीबाळींना सरस्वतीबाईंच्या दागिन्यांची गोष्टही जरूर सांगावी.