स्वामी कुवलयानंद : श्वास मोजणारे शिक्षक



रोज प्रार्थनेनंतर आपण पाच मिनिटे प्राणायाम करतो. त्याआधी माइकवरून मी एक वाक्य सांगत आलो, की प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो. कित्येक वर्षे सांगितले. ते बरोबर नाही. आणि हे प्रयोग करून दाखवणारा माणूस आपल्याच गुजरातेत जन्मलेला मराठी शिक्षक होता, हे मला फार उशिरा कळले.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोद्याजवळच्या डभोई गावी झाला. १९०३ मध्ये मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून ते बडोदा कॉलेजात गेले. तिथे प्रा. माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत त्यांनी अंग कमावले. पुढे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिक्षक झाले आणि १९१६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य. सुटी लागली की आपल्यातली कितीतरी कुटुंबे उधन्याहून गाडी धरून त्याच अमळनेरकडे जातात!

१९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींची भेट झाली आणि गुणे योगाकडे वळले. पण शिक्षकाचा स्वभाव जातो कुठे? गुरूंनी दिलेली विद्या त्यांनी पडताळून पाहायला घेतली. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या इस्पितळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन उड्डियान आणि नौली या क्रियांत शरीराच्या आत काय घडते हे त्यांनी एक्स-रेच्या साहाय्याने तपासले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम आश्रम काढला, तिथेच प्रयोगशाळा उभारली आणि ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. कुवलयानंद हे नाव याच वाटेवरचे.

प्राणायामाने ऑक्सिजन वाढतो हा समज तेव्हाही सर्वत्र होता. कुवलयानंदांनी आत घेतलेली आणि बाहेर सोडलेली हवा तपासली. नेहमीच्या श्वसनापेक्षा प्राणायामात शरीर जास्त ऑक्सिजन घेत नाही, असे आढळले. कारण समजायला सोपे आहे. श्वास खोल असला तरी मिनिटाला घेतलेल्या श्वासांची संख्या कमी होते. शिवाय निरोगी माणसाचे रक्त फुप्फुसातून निघतानाच ऑक्सिजनने जवळजवळ भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? प्राणायामाचा उपयोग त्यांना श्वसनाचे स्नायू आणि मज्जासंस्था यांना लागणाऱ्या वळणात दिसला. स्वतः योगी असून योगाच्या बाजूचा हा लोकप्रिय मुद्दा त्यांनी सोडून दिला, हे मला त्यांच्या आसनांपेक्षा मोठे वाटते.

आता आपल्या शाळेची गोष्ट. मागे एका क्रीडादिनी मी श्वास रोखण्याची स्पर्धा ठेवली होती. मुले, मुली, पाचवी, दहावी, सगळे एकाच रांगेत. पाचवीतली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. चूक माझी होती. कुंभकाबाबत सावध राहा, हे कुवलयानंदांनी लिहून ठेवलेले मी तेव्हा वाचलेले नव्हते.

फुप्फुसांचे माप सर्वांचे एक नसते. लंडनचे डॉ. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये स्पायरोमीटर या यंत्राने २,००० हून अधिक लोकांची तपासणी प्रसिद्ध केली. उंचीबरोबर श्वासाचे माप वाढते आणि वयाबरोबर उतरते, हे त्यात दिसले. स्त्रिया मात्र त्यांनी फारच थोड्या तपासल्या. आज आपल्याला माहीत आहे की फुप्फुसे साधारण २० ते २५ वर्षांपर्यंत वाढतात. पस्तिशीनंतर त्यांची लवचिकता हळूहळू कमी होते आणि छातीचा पिंजराही ताठर होत जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या सभेला येताना आमचे ज्येष्ठ विश्वस्त जिन्यात थांबतात, त्यात वयाचा भाग असतोच. मात्र दम अचानक वाढला तर डॉक्टरांना दाखवावे. सारख्या उंचीच्या स्त्री-पुरुषांत स्त्रीची फुप्फुसे सामान्यतः लहान असतात. भावाइतका दम टिकत नाही म्हणून मुलीला आळशी म्हणणाऱ्या पालकांनी हे वाचावे. लहानपणी दमा मुलग्यांत जास्त आढळतो, तर वयात आल्यावर हे उलटते आणि स्त्रियांत तो जास्त दिसू लागतो. म्हणून स्पायरोमीटरचा आकडा वाचताना डॉक्टर आधी वय, उंची आणि स्त्री की पुरुष हे विचारतात.

कुवलयानंदांनीही सर्वांना एकच अभ्यासक्रम दिला नाही. पूर्ण, छोटा आणि सोपा असे वेगवेगळे क्रम त्यांनी आखले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. १९६३ मध्ये डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेले त्यांचे योगोपचारावरचे पुस्तक केंद्र सरकारने प्रसिद्ध केले. १८ एप्रिल १९६६ रोजी ते गेले. लोणावळ्यातील संशोधन आजही चालू आहे.

आपली सकाळची पाच मिनिटे चालू राहतील. पाचवी ते सातवीसाठी श्वास रोखणे नाही, ज्याला दम्याचा त्रास आहे त्याने वर्गशिक्षकांना सांगावे, आणि माइकवरचे माझे ते वाक्य सोमवारपासून बंद.

- मुख्याध्यापक