खोलीचं दार उघडं ठेवून बायबल वाचलं म्हणून पंडिता रमाबाईंच्या शाळेतल्या मुली काढून नेल्या होत्या

कल्याणहून सोलापूरकडे जाणारी गाडी धरली की पुणे सोडल्यावर, दौंड यायच्या आधी केडगाव नावाचं स्टेशन लागतं. शंभर वर्षांपूर्वी इथल्या एका छापखान्यात बायका खिळे जुळवत होत्या. त्यातल्या कित्येक जणी दुष्काळातून वाचून आलेल्या. छापत होत्या संपूर्ण बायबल, साध्या मराठीत. भाषांतर करणारी बाई एकच, पंडिता रमाबाई.

तसा रमाबाईंचा आणि बायबलचा जन्माने काही संबंध नव्हता. १८५८ चा जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारा हा माणूस. पुराणं सांगत हे कुटुंब देशभर पायी फिरायचं. पुढे दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता, सरस्वती अशा पदव्या दिल्या. वय होतं वीस.

पण शास्त्रं वाचता वाचता एक गोष्ट त्यांना टोचायला लागली. ग्रंथांचं आपसात कितीही पटत नसलं तरी बाईच्या बाबतीत सगळे एकमताचे. बाई मुळात वाईट, आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही. हा न्याय त्यांना काही केल्या पटेना.

१८८० मध्ये त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी लग्न केलं. सिल्चरच्या घरात त्यांच्या हाती लूकच्या शुभवर्तमानाचं बंगाली पुस्तक लागलं. बायबलशी पहिली ओळख ती. दोन वर्षांच्या आत नवरा कॉलऱ्याने गेला. पदरात मनोरमा नावाची तान्ही लेक.

पुण्यात आर्य महिला समाज काढून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावातल्या सिस्टर्सकडे राहायची सोय झाली. या सिस्टर्सचं लंडनमध्ये फुलहॅम इथं एक घर होतं. समाजाने टाकून दिलेल्या, वाममार्गाला लागलेल्या म्हणून हिणवलेल्या बायका तिथं राहायच्या. त्यांची इतकी आस्थेने देखभाल होताना पाहून रमाबाई चक्रावल्या. अशा बाईला शिक्षा असते, हे त्यांनी ग्रंथांत वाचलं होतं. तिची सेवा करायची असते, हे नवीन होतं. कारण विचारल्यावर एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो, ती गोष्ट. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे आता त्या सिस्टर्सचं सगळं ऐकायला लागल्या का? छे. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, इथपासून वाद. पाद्री सांगतात म्हणून मानायचं नाही, स्वतः वाचून पटलं तर मानायचं, हा त्यांचा हट्ट.

अमेरिकेत पैसा उभा करून त्यांनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा मुलींची शाळा आणि घर. अट ठरलेली होती, इथं धर्म शिकवायचा नाही. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर होते.

आता मुद्द्यावर येऊ. रमाबाई रोज आपल्या खोलीत लेकीला घेऊन बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. काही मुली आत येऊन बसायला लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नाही, पण हाकललंही नाही. मग १८९३ मध्ये भडका उडाला. केसरीने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर बाजूला झाले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं.

यात चूक कुणाची? रमाबाईंचं म्हणणं होतं की माझ्या खोलीत माझा धर्म मी लपवणार नाही. त्यात खोट काढता येत नाही. पण मुलींच्या बाजूनेही बघायला हवं. जिच्या आधारावर अन्न, वस्त्र, शिक्षण सगळं अवलंबून, तिच्या खोलीचं उघडं दार चौदा वर्षांच्या मुलीला साधं दार वाटत नसणार. पालकांची भीती सगळीच खोटी नव्हती. मात्र त्यातल्या कितींनी त्या मुलींचं शिक्षण घरी पुढे चालवलं असतं, हेही विचारायला हवं.

केडगावला हा प्रश्नच उरला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुलींना दलाल पळवत होते. स्वतः भूक सोसलेल्या या बाईने तीनेकशे मुली आणल्या आणि मुक्ती मिशन उभं राहिलं, उघडपणे ख्रिस्ती. १९०० च्या दुष्काळानंतर तिथं दीड हजारांहून जास्त जणी होत्या. त्यात एक कृपा सदनही होतं, फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी. फुलहॅममध्ये बघितलेलं इथं आलं.

मग एक अडचण आली. त्या वेळचं मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झालेलं. खेड्यातल्या मुलीला रोज वाचायला दिलं तरी कळणार काय? पन्नाशीच्या आसपासच्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळातून भाषांतर करायला बसल्या. संस्कृत पंडिता असून त्यांनी मुद्दाम सोपे शब्द शोधले. (संपूर्ण बायबल भाषांतर करणारी जगातली पहिली स्त्री, असे फॉरवर्ड फिरतात ते चूक आहे. अमेरिकेतल्या ज्युलिया स्मिथचं इंग्रजी भाषांतर १८७६ मध्येच छापलं होतं.)

काम दीड दशकाहून जास्त चाललं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. मिशन जिच्या हाती सोपवायचं, तीच गेली. रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. शेवटच्या आजारात त्यांनी प्रुफं पुरी करण्यासाठी देवाकडे दहा दिवस मागून घेतले, असं सांगतात. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.