आनंदीबाईंची चूल

गोपाळराव जोशी हे पोस्टखात्यात नोकरीस होते. एके दिवशी ते घरी परतले, तेव्हा त्यांची लहानगी पत्नी पुस्तक बाजूला ठेवून चुलीपाशी स्वयंपाकात गुंतलेली त्यांना दिसली. त्यांचा क्रोध अनावर झाला आणि त्यांनी तिला मारले. स्वयंपाक बिघडला म्हणून बायकोने मार खाल्ल्याच्या गोष्टी त्या काळी घरोघर ऐकू येत. पण स्वयंपाक केला म्हणून मार बसल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. शेजारीपाजारी थक्क झाले. आपल्या पत्नीने शिकावे ही गोपाळरावांची तळमळ खरी होती. परंतु तिच्यापायी एका अजाण मुलीवर हात उगारणे हे कोणत्याही काळी योग्य म्हणता येणार नाही.

ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही मुलगी नवव्या वर्षी आपल्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या गोपाळरावांची पत्नी झाली. पुढे कोवळ्या वयातच त्यांना मुलगा झाला, आणि योग्य उपचारांवाचून तो अवघ्या दहा दिवसांत दगावला. पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे उघड करण्यास स्त्रिया संकोचत आणि त्यांच्यासाठी स्त्री-डॉक्टर तर देशात जवळजवळ नव्हत्याच. आपणच डॉक्टर व्हावे हा विचार आनंदीबाईंच्या मनात रुजला तो या दुःखातून.

गोपाळरावांची बदली वरचेवर होई. ते कोल्हापुरास असताना, १८७८ साली, त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन पाद्र्यांना पत्र लिहिले. वाइल्डर यांनी पूर्वी अनेक वर्षे कोल्हापुरात काढली होती आणि आता ते स्वदेशी एक मासिक चालवीत होते. पत्नीला शिक्षणासाठी अमेरिकेत आणता येईल काय, अशी त्या पत्रात विचारणा होती. वाइल्डर यांनी पत्र छापले, परंतु साहाय्य मात्र दिले नाही. कोल्हापुराहून निघालेले ते पत्र वाया जायचे, पण पुढे एक योगायोग घडला. न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर मासिकाचा जुना अंक पडला होता. त्यांनी तो चाळला, त्यातील पत्र वाचले आणि त्या अनोळखी हिंदू मुलीला आपण होऊन पत्र लिहिले. आनंदीबाई त्यांना पुढे मावशी म्हणू लागल्या.

त्या काळी समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडविणे, अशी समजूत होती. परदेशी गेलेला मनुष्य तेथे काय खातो, कोणाच्या हातचे खातो, यावरच सगळा कटाक्ष असे. म्हणून जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे, बंगालमधील. आपण हिंदू म्हणून जाऊ, तेथे हिंदू म्हणून राहू आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी भर सभेत सांगितले. पोशाख आणि आहार बदलणार नाही, हेही त्यात आलेच. बोलणे सोपे होते. पाळायचे होते ते हजारो कोस दूर, एकटीने, आणि तेही रोज दोन वेळा.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांची बोट कलकत्त्याहून निघाली. वय पुरते अठरा, सोबत नात्याचे कोणी नाही. बोटीवरील पानांत मांसाचेच पदार्थ अधिक. त्यामुळे बटाट्यांसारख्या वस्तूंवर त्यांना भूक भागवावी लागली. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा मावशी धक्क्यावर हजर होत्या.

रोझेलचा उन्हाळा सुखात गेला. मावशींच्या घरी आनंदीबाईंना स्वयंपाकघराची मोकळीक होती. तेथे त्यांनी एकदा हिंदू पद्धतीचे जेवण स्वतः रांधले आणि मावशींच्या परिचितांना जेवू घातले. ज्या चुलीपाशी बसल्याबद्दल एके काळी मार मिळाला होता, तिचीच विद्या आता परक्या देशात कौतुकाची झाली.

परंतु पाहुण्यांसाठी हौसेने एक दिवस रांधणे निराळे आणि अभ्यास सांभाळून नित्य आपल्यापुरते रांधणे निराळे. ऑक्टोबरमध्ये त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि खरी कसोटी तेथे लागली. महाविद्यालयाच्या प्रमुख राशेल बॉडली या मोठ्या मायाळू होत्या. पण बिऱ्हाड आनंदीबाईंचे आणि चूलही त्यांचीच. राहण्याच्या खोलीतील शेकोटीची जागा सदोष होती. पेटवली की खोलीभर धूर कोंडे, न पेटवावी तर थंडीने हातपाय गारठत. धूर किंवा गारठा, यांपैकी एक पत्करणे भाग होते. कोकणच्या उबदार हवेत वाढलेल्या मुलीला बर्फ पडणाऱ्या त्या हिवाळ्याची कल्पना कोठून असणार? नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. पोशाखात एवढाच काय तो फरक केला. आहारात तेवढाही नाही.

एका माणसाचे अन्न शिजवण्यास श्रम कमी पडतात, असे पुष्कळांना वाटते. ज्याने ते केले आहे तोच जाणतो. चौघांचा भात आणि एकाचा भात यांना विस्तव सारखाच पेटवावा लागतो, भांडी तितकीच घासावी लागतात. घरी आई, आजी, जाऊ यांच्यात वाटले जाणारे काम येथे एकाच जोडी हातांवर येऊन पडले. तुरीची डाळ, कोकम, गोडा मसाला या वस्तू त्या काळी फिलाडेल्फियाच्या बाजारात कोठून मिळणार? मिळेल त्या जिन्नसांवर निभावून न्यावे लागे. आणि हे सारे शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, प्रसूतिशास्त्र यांच्या व्याख्यानांच्या आगेमागे. परीक्षा जवळ आली की रात्रीचा एक तास पुस्तकाला द्यावा की विस्तवाला, हा प्रश्न उभा राही. आणि कित्येकदा पुस्तक जिंकून पोट हरे.

सार्वजनिक खाणावळीत जाऊन समोर येईल ते खाल्ले असते, तर त्यांना अडविणारे तेथे कोणी नव्हते. कळविणारेही नव्हते. तरीही त्यांनी ते केले नाही.

त्यांची प्रकृती मात्र ढासळत चालली. पहिल्याच वर्षी त्यांना घटसर्पाने गाठले आणि पुढे क्षयाने घर केले. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ सालीच शोधून काढले होते. पण त्यांवर गुण देणारे औषध सापडण्यास आणखी साठ वर्षे लागली. तेव्हा केवळ आहारामुळे हा रोग झाला असे म्हणणे चुकीचे होईल. परंतु थंडी, धूर आणि अर्धपोटी दिवस यांनी शरीराची झुंजण्याची शक्ती खचते, हे वैद्यक शिकणाऱ्या आनंदीबाईंना कळत नव्हते असे कसे मानावे? दिलेल्या शब्दाची किंमत त्या जाणून होत्या आणि ती त्यांनी मोजली. एवढी मोठी किंमत मागणारा समाज शहाणा होता की नाही, हा प्रश्न वाचकांनी स्वतःला विचारून पाहावा.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. गोपाळराव आदल्या वर्षीच अमेरिकेस येऊन पोहोचले होते आणि पंडिता रमाबाई मुद्दाम या समारंभासाठी आल्या होत्या. आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला होता. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आईने तो लिहिला होता, हे ठाऊक असणारे त्या सभागृहात थोडेच असतील.

त्याच वर्षी कोल्हापूर दरबाराकडून बोलावणे आले. तेथील अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. आठ वर्षांपूर्वी ज्या गावाहून पत्र निघाले होते, तेच गाव आता त्यांना डॉक्टर म्हणून बोलावीत होते. ९ ऑक्टोबर रोजी पतिपत्नींनी न्यूयॉर्क सोडले आणि नोव्हेंबरमध्ये ती मुंबईस पोहोचली. लोकांनी जयजयकार केला. परंतु बोटीवरून उतरलेल्या आनंदीबाईंच्या अंगात उभे राहण्याचेही त्राण उरले नव्हते. पुण्यास आप्तांच्या घरी आता त्यांच्यासाठी चूल पेटत होती, ताटे वाढली जात होती. अन्न मात्र पोटात ठरत नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांच्या रक्षेचा काही अंश मावशींकडे धाडण्यात आला. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड उभा आहे. कोल्हापूरचे ते रुग्णालय पुढे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथील स्त्रियांच्या विभागात आनंदीबाईंसाठी राखलेली जागा त्यांना एक दिवसही घेता आली नाही.